वेगळ्या चुलीचं लाकूड

४ मार्च
शी! नदीपलीकडचा आख्खा डोंगर भादरून टाकलाय त्या टकल्यानं. काल संध्याकाळी होती ती झाडं आज नाहीत. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. आमच्या या ऑनलाइन खेळात ज्याला जे हवं ते नाव घेता येतं. डोंगराला टक्कल पाडलं म्हणून आमच्यासाठी तो टकल्या.
तोडतो म्हणून राग नाही. तोडतात सगळेच, हिवाळ्यात शेकोटी लागतेच. पण हा मेला मुळासकट उपटतो! नुसतं खोड तोडलं तर बुंध्याला पुन्हा फूट येते. मूळ उपटलं की लाकूड दुप्पट मिळतं, पण तिथं परत काही उगवत नाही. हे न कळण्याएवढं कुणी लहान नाही.

५ मार्च
खेळवाल्यांनी नवा नियम आणला. जंगल जितकं कमी, हिवाळा तितका लांब. नवरा म्हणाला, "आता तरी येईल सगळ्यांना अक्कल."
आली! सगळे कुऱ्हाडी घेऊन धावत सुटले. दुसऱ्यानं तोडायच्या आत आपण तोडा! पालथ्या घड्यावर पाणी.

८ मार्च, रविवार
आमच्या बाजूला आता एकच अक्रोड उरलाय, तळ्याच्या काठावर. बाकी सगळे नुसते खुंट.
दुपारी जेवणं झाल्यावर आमच्या कंपूची बैठक झाली. कंपू म्हणजे मी, नवरा आणि मुकादम. मुकादम आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात साचे ओततो. कुणी नेमलेलं नसताना सगळ्यांना हुकूम सोडतो, म्हणून मुकादम. चौथी माझी बहीण, धाकटी. ती असून नसल्यासारखी.
ठरलं ते असं – अक्रोडाला कुणीही हात लावायचा नाही. जीव गेला तरी नाही. खेळात अक्रोडाचं बी जिवंत अक्रोडाच्या सावलीतच रुजतं. बी आत्ता कुणापाशी नाही, पण वसंतात झाडाला धरेल. तेवढं एक झाड तगलं तर जंगल परत येईल. शपथ मीच घातली सगळ्यांना. मुकादम म्हणाला, "ताई, तुम्ही आहात म्हणून हे चाललंय." बरं वाटलं. उगाच कशाला खोटं लिहू.

९ मार्च
कारखान्यात साखरेचा डबा रिकामा! शेवटचा चमचा घेईल त्यानं डबा भरायचा, एवढी साधी गोष्ट. तर कुणीतरी रिकामा डबा झाकण घट्ट लावून जागच्या जागी ठेवलेला. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, भरलेला आहे. दिवसभर लोकांच्या हिरड्यांचे साचे हाताळते मी, कधी किळस आली नाही. त्या झाकणाची आली.

१२ मार्च
नवरा कटकट करतोय. "झोपलेल्या बाईसाठी किती लाकूड जाळणार?"
खेळ बंद केला तरी आपलं माणूस आत तसंच झोपून राहतं. हिवाळ्यात त्याच्याजवळची शेकोटी विझली की ते मेलं. सामानासकट गेलं. आम्ही तिघं मोठ्या झोपडीत एकाच शेकोटीपाशी झोपतो. धाकटीची झोपडी निराळी, टेकाडाच्या आडोशाला. गेल्या वर्षी भांडण झालं आणि बाईंनी वेगळी चूल मांडली. तिथं जाऊन जी झोपली ती झोपलीच. परत खेळायला आली नाही. झोपलेल्याला उचलून आणायची सोय खेळात नाही, नाहीतर फरफटत आणली असती.
भांडण कशावरून? तिनं एक झाड मुळासकट उपटलं. एकच. मी सगळ्यांसमोर बोलले, "लहानपणापासून शेवटचा घास स्वतःच्याच तोंडात!" तेव्हापासून घरीसुद्धा बोलणं नाही. मी आईकडे गेले की ती नसते. ती गेली की मी जात नाही.
आणि रोज संध्याकाळी कामावरून आले की मी तिच्या शेकोटीत लाकडं टाकते. का टाकते? विझली तर ती खेळातही राहणार नाही. मग उरलं काय आमच्यात?

१३ मार्च
आईचा फोन. "झाडावरून बोलत नाही तुम्ही? निदान खरं झाड तरी होतं का गं?"
मी म्हटलं, "तूच कर ना तिला फोन." आई म्हणाली, "मी रोजच करते." घ्या!

१५ मार्च, रविवार
टकल्यानं आता आमच्या बाजूचे कोवळे फुटवेसुद्धा नेले. बोटाएवढे होते! ओकारी येते अशा माणसांची. प्रत्यक्षात हा कुठंतरी सोफ्यावर लोळत, पोटावर बशी ठेवून खात बसला असणार.

१८ मार्च
हिवाळा संपत नाही. तळं तळापर्यंत गोठलंय, मासे मेले. आमचं लाकूड मोजकंच उरलंय. मुकादमानं फर्मान काढलं – यापुढं मोठ्या झोपडीबाहेर एक काटकीही जाणार नाही. नवऱ्यानं मान डोलावली. बायकोकडे न बघता!
रात्रीच्या भांड्यांना हात लावला नाही मी. घासू दे त्याला.
घासताना म्हणाला, "अगं, एक फोन कर तिला. येईल, आपल्यात झोपेल, लाकूडही वाचेल." मी म्हटलं, "फोन मी करू? मोठी मी आहे!"

२० मार्च
नवरा बाजारात. मुकादम अजून खेळात आलेला नव्हता. खेळात वादळ. धाकटीच्या शेकोटीत नुसते निखारे. ती कुशीवर झोपलेली, कमरेची थैली पोटाशी धरून. लहानपणी उशी धरायची तशीच.
मी अक्रोड तोडला.
खोडानं भागलं असतं. निदान दोन दिवस तरी. पण हात थांबला नाही. मूळही उपटलं. दुप्पट मिळतं.
शेकोटी छान पेटली.

२१ मार्च
मुकादमानं खड्डा पाहिला. कारखान्यात साचा हातात तसाच धरून ओरडला, "टकल्याचंच काम! त्याच्या घराण्यात कुणी झाड लावलं नसेल!" नवरा माझ्याकडे बघत होता, म्हणजे घरी आल्यावर. काही बोलला नाही. मीही नाही.
गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

२२ मार्च, रविवार
धाकटी उठली!
नवऱ्यानं तिला परस्पर फोन केला होता. "तुझी ताई वर्षभर तुझी शेकोटी जपतेय," असं सांगितलं म्हणे. मी लाकडं घेऊन गेले तर ती दारात उभी. तिचा आवाज कानात आला, थोडा बसलेला. "ताई, त्या भांडणाआधीच मी अक्रोडाच्या बिया गोळा करून ठेवल्या होत्या. थैलीभर आहेत. रागारागात कुणाला सांगितलंच नाही. चल, लावू या. झाड कुठंय?"
मी म्हणाले, "टकल्यानं नेलं."
"नालायक मेला!" ती म्हणाली.
मी म्हणाले, "हो ना."