अर्ज मागे घेतला असे समजण्यात येईल

ता. शेवगाव, ७ मार्च

सहादेवराव, सूर्यभानचा रामराम घ्यावा. (वयानं तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी धाकटे, पण लंकाचे थोरले बंधू. त्यामुळे तुम्हाला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, या विचारात दरवेळी माझा अर्धा कागद खर्ची पडतो. रामराम बरा, तो दोन्हीकडून चालतो.) वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमच्याकडचा गारठा उतरला का? हरभरा सोंगून झाला असेल. इकडे ऊन आत्तापासूनच डोक्यावर बसलंय. लंका बरी आहे, माझ्याशी कामापुरतं बोलते. आमच्या मातोश्री आक्काबाई चौऱ्याऐंशीव्या वर्षी ठणठणीत आहेत. इतक्या ठणठणीत, की सध्या मला त्यांच्याकडे बघवत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

रेश्मा तुमच्याकडे येऊन पाच आठवडे झाले. बापाशी काय बिनसलं ते तिनं मामाला सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. बहुधा नसेलच, कारण थोडक्यात बोलून गप्प बसण्याचा गुण तिनं आईकडून घेतलाय. (माझा तिनं एकच गुण घेतला, अक्षर.) तेव्हा जे घडलं ते मीच लिहितो. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लोकांच्या चुका फाईलला लावल्या, एकदा स्वतःचीही लावून बघतो.

तुम्हाला माहीतच आहे, ती इंग्लंडात लीड्सला पाण्याच्या नियोजनाचं एम.एस्सी. शिकली. शिक्षण संपलं की तिथलं सरकार परक्या मुलांना लगेच गाडीत बसवत नाही. आणखी दोन वर्षं राहून काम करायची परवानगी मागता येते, आणि त्या दोन वर्षांत एखाद्या कंपनीला आपण पटलो तर ती आपल्यासाठी पुढचा, नोकरीचा व्हिसा काढून देते. मात्र हा दोन वर्षांचा अर्ज तिथे राहूनच करायचा, विद्यार्थी व्हिसाची मुदत संपायच्या आत. रेश्माची मुदत चोवीस जानेवारीपर्यंत होती आणि पोरीनं पाच तारखेलाच अर्ज टाकला होता. नद्यांच्या पुराचा अंदाज काढणाऱ्या एका लहानशा कंपनीनं तिला सांगूनही ठेवलं होतं, की परवानगी आली की एक मार्चला कामावर ये. राहता राहिला एक नियम. निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला, तर अर्ज मागे घेतला असे समजण्यात येईल. हे तिनं मला फोनवर दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा 'हो हो' म्हणालो.

आणि मग शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब घरी आले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की रेश्माचा सत्कार ठेवायचा, परदेशात शिकलेली गावातली पहिली पोरगी म्हणून. मी म्हणालो, तिला येता येणार नाही. ते म्हणाले, हरकत नाही, फोटोचा सत्कार करू, हार घालू. हे ऐकून लंका चहाची कपबशी घेऊन तशीच मागे फिरली. "जित्या पोरीच्या फोटूला हार घालत्यात व्हय?" एवढंच बोलली, आणि काकासाहेबांचा चहा आत गेला तो परत आला नाही. मला मात्र त्या दिवसापासून मांडवच दिसायला लागला. मधल्या खुर्चीवर रेश्मा, शेजारच्या खुर्चीवर मी. कचेरीत मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सत्काराच्या शाली आणून दिल्या, सहादेवराव. एकदाही खुर्ची मिळाली नाही.

आता नियमाचं काय? मी माझ्या अनुभवानं विचार केला. अर्ज म्हणजे काय, ते मला विचारा. अर्ज एकदा टेबलावर पडला की तो पडतो. अर्जदार काशीला जाऊन येतो, त्याच्या घरी बारसं होऊन जातं, तरी अर्ज हललेला नसतो. आठ दिवसांत ती येऊन परत जाईल आणि तिकडच्या साहेबानं अजून पाकीटसुद्धा फोडलेलं नसेल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. (तिकडे पाकीटच नसतं, सगळं कॉम्प्युटरवर असतं आणि विमानतळावर शिक्का बसला की त्या कॉम्प्युटरला कळतं, हे मला मागाहून समजलं.)

पण सत्कारासाठी ये म्हटलं असतं तर ती आली नसती. म्हणून मी फोन लावला आणि म्हणालो, "आजीला एकदा बघून जा." एवढंच. आजी आजारी आहे असं मी म्हणालो नाही, हे मी देवाशपथ सांगू शकतो. ती म्हणाली, "बाबा, खरंच यायलाच हवं का?" इथे मी बोलायला पाहिजे होतं. आई त्या वेळी ओसरीवर भाकरी चुरून खात होती, मला समोर दिसत होती. मी एक उसासा टाकला आणि गप्प राहिलो. एकतीस वर्षांत मी फाईलमध्ये बरंच काही दडपलं असेल, पण त्या उसाशाइतकं मोठं खोटं कधी लिहिलं नाही. मग ती म्हणाली, "बरं, निघते."

तेवीस तारखेला दुपारी ती जीपमधून उतरली ती बॅग तशीच रस्त्यावर टाकून धावत आत. आत आई कुठे होती? अंथरुणावर नव्हती. परसात शेळीच्या मागे काठी घेऊन पळत होती. "आजी, तू उठलीस कशाला?" रेश्मा ओरडली. आई म्हणाली, "उटू न्हाई तर काय करू? समदी तूर खाल्ली ह्या भवानीनं!" आणि मग नातीला ओळखून तिनं काठी टाकली, तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. (त्या बोटांचा आवाज रस्त्यापर्यंत आला. आजारी माणसाचा तसा येत नाही.) रेश्मानं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी तिची बॅग उचलली आणि बॅगेच्या चाकाकडे फार बारकाईनं पाहू लागलो.

चोवीस तारखेला, व्हिसाच्या शेवटच्या दिवशी, ती दिवसभर फोन मांडीवर ठेवून ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. प्रवासानं दमली असेल असं मी धरून चाललो, कारण मला फ्लेक्स छापायला शेवगावला जायचं होतं. फ्लेक्सवर 'लंडन रिटर्न' असं ठळक अक्षरात आलं. तिनं लंडन पाहिलेलंसुद्धा नाही, पण 'लीड्स' म्हटलं तर लोकांना ते औषध वाटेल, असं काकासाहेबांचं मत पडलं. फोटोही तिच्यापेक्षा त्यांचा मोठा होता.

सव्वीस तारखेला सगळं माझ्या मनासारखं झालं. मांडव, शाल, नारळ, पहिल्या रांगेत आई पेढ्याची पुडी घेऊन, आणि व्यासपीठावर मला खुर्ची. काकासाहेबांचं भाषण संपलं आणि त्यांनी मुलींना काही विचारायचं असेल तर विचारा म्हणून सांगितलं. दहावीतली एक मुलगी उभी राहिली, भिमाजी सुताराची नात. तिनं विचारलं, "ताई, शिकून झाल्यावर तिकडं राहता येतं का?" रेश्मानं माईक घेतला आणि अगदी शांतपणे, वर्गात शिकवावं तसं सगळं सांगितलं. दोन वर्षांची परवानगी, मग कंपनीचा व्हिसा, कोणत्या कामाला किती पगार असावा लागतो, मुदत कधी मोजायची. पोरी वहीत लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाली, "आणि एक लक्षात ठेवा. अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला तर अर्ज मागे घेतला असं समजतात. मग तो पुन्हा बाहेरून करता येत नाही."

ती पोरगी हुशार. म्हणाली, "मग ताई, असं असून कोन कशाला सोडंल?"

"घरी आजी आजारी असेल तर सोडतात," रेश्मा म्हणाली.

पहिल्या रांगेतून आईनं तोंडातला पेढा बाजूला सारून मोठ्यानं विचारलं, "कोन आजारी हाय गं?"

लोक हसले. काकासाहेबांना तो विनोद वाटला, त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळ्या मांडवानं वाजवल्या. मी माझ्या खुर्चीवर बसलो होतो. एकतीस वर्षं ज्या खुर्चीची वाट पाहिली तिच्यावरून मला उठताही येईना आणि बसवेनाही. तोवर मला वाटत होतं की अर्ज तिकडे टेबलावर पडलेला आहे.

घरी आल्यावर मी विचारलं, तुला नियम ठाऊक होता, मग आलीस कशी? तेव्हा ती मला जे बोलली ते लिहितो, कारण ते मला पाठ झालंय. "ठाऊक होता म्हणूनच विचारलं ना, बाबा, की यायलाच हवं का. तुम्ही नुसतं 'आजी बरी आहे' म्हणाला असतात तरी पुरे होतं." रागानं नाही बोलली. चार दिवसांनी ती तुमच्याकडे आली. तुम्ही समजलात मामाची आठवण आली.

मग मी हातपाय हलवले. नगरला जाऊन परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका बाईंना भेटलो. त्यांच्या टेबलावर बारा देशांचे झेंडे होते, पण रस्ते तीनच निघाले. एक, एखादी कंपनी इतक्या लांबून थेट व्हिसा काढून बोलावेल तर. दोन, पुन्हा नवा अभ्यासक्रम, नवा विद्यार्थी व्हिसा. तीन, तिकडे राहणारा नवरा. (हे त्यांनी हसून सांगितलं, मी हसलो नाही.) मग म्हणाल्या, "पण काका, अर्ज चालू असताना मुलगी आलीच कशाला?" मी म्हणालो, घरगुती कारण. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

नंतर मी स्वतः ब्रिटिश सरकारला अर्ज केला. विषय : अनवधानाने मागे घेतला गेलेला अर्ज पुनश्च विचारात घेणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर प्रकरणी अर्जदार हिची कोणतीही चूक नसून संपूर्ण चूक अर्जदाराच्या वडिलांची आहे. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी भाषांतर करून ईमेल केला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. मला वाटलं, काय कार्यक्षम लोक! सरांनी वाचून दाखवलं, की या पत्त्यावर आलेले संदेश कोणी वाचत नाही. सहादेवराव, 'साहेब मीटिंगला गेलेत' हे मी किती माणसांना सांगितलं असेल याची गणती नाही. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर ते कसं ऐकू येतं, ते मला साठाव्या वर्षी कळलं. एक मार्चला त्या कंपनीत दुसरं कोणीतरी कामावर रुजू झालं.

तुमचा फोन आला तेव्हा समजलं, की रेश्मानं तुमच्या ओट्यावर बसून स्वतःच एक वाट शोधलीय. तिच्या विद्यापीठासारख्या नावाजलेल्या ठिकाणची पदवी असेल आणि तीन वर्षं उलटली नसतील, तर नेदरलँडला वर्षभर राहून काम शोधता येतं, आणि तो अर्ज घरून करता येतो. तो देश म्हणे बराचसा समुद्राच्या पातळीखाली आहे, पाणी बाहेर काढण्यातच लोकांचा जन्म जातो. आमच्याकडे टँकर आला की पोरं नाचतात, तिथली पोरगी पाणी बाहेर काढायला निघाली! मला फार आनंद झाला. मी तो कोणाला सांगितला नाही. सत्काराचा विषय निघेल या भीतीनं काकासाहेबांना तर मुळीच नाही.

तिला जे सांगायचं ते मला फोनवर जमत नाही. फोनवर गप्प बसलं की काय होतं ते मी पाहिलंय. सर्वांना यथायोग्य सांगावे, पोरीला दूध घालावे.

तुमचा,
सूर्यभान

ता. क. : त्या अर्जासाठी तुम्ही जे कागद मागितले होते, पदवी, गुणपत्रक आणि जन्माचा दाखला, ते माझ्याच कपाटात आहेत. फोनवर मी 'शोधतो' म्हणालो, पण ते त्याच मिनिटाला सापडले होते. याला बारा दिवस झाले. लंकाला मी सांगितलं, पोस्टाला सुट्टी आहे. (नव्हती.)

पुन्हा ता. क. : एवढे महत्त्वाचे कागद पोस्टानं पाठवणं मला धोक्याचं वाटतं. मीच घेऊन येतो म्हणतो. नगर, संगमनेर, मग अकोले, तीन गाड्या बदलाव्या लागतील, पण कागदासाठी ते करायलाच हवं. तेवढं रेश्माला विचारा, की आलो तर चालेल का. नको म्हणाली तर दारातूनच कागद देऊन परत फिरेन. चहासुद्धा नको.

दादा, ही मी लंका लिवतीय. ह्यांनी पाकीट पोस्टात टाकाया माझ्याकडं दिलं, म्या फोडून समदं वाचलं. कागुद मी कपाटातून काढून ह्यातच घातलेत आन रजिस्टर करून धाडतीय. पोरीला म्हनाव, मिळाल्याबरुबर आर्ज कर, कुनासाठी थांबू नको. ह्यांना आजून ठावं न्हाई. त्यांना यायचंच आसंल तर मोकळ्या हातानं येऊ दे.