ताट सरकवलं त्याबद्दल

आये, जिच्याशी लग्न करायचंय तिच्या घरी, रोह्याला, बोलणी करायला गेलो आणि वालाच्या बिरड्याचं ताट न खाता बाजूला सरकवलं, तिथंच माझं सगळं फिरलं. शेतातले वाल, भिजवून, मोड आणून तिच्या आईनं एकेक सोललेले. तिचे बाबा म्हणाले, "काय रे, आमच्या हातचं चालत नाय काय तुला?" पोटात दुखतं, एवढंच सांगायचं होतं. पण ती समोर उभी; तिच्यादेखत पोटाचं काय बोलू? त्यापेक्षा भांडण सोपं. "नाय चालत," म्हणालो आणि उठलो.

माझं पोट तुला ठाऊक आहे. लहानपणी शाळेची वेळ झाली की मी चुलीपाशी वाकून उभा असायचो. तू भाकरी टाकून ओरडायचीस, "बेंबी सरकली मेल्याची!" आणि मला आडवं पाडून खोबरेल चोळायचीस. ओटीवरून बाबा म्हणायचे, "बेंबी नाय सरकली गो, गणित सरकलंय." कधी तू कुणाच्या तापातल्या उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून द्यायचीस. तू गेलीस, दुखणं राहिलं. कॉलेजात प्रॅक्टिकल सोडून संडासाकडे पळायचो, पोरं म्हणायची, "निघाली एक्स्प्रेस!" एकाला हाणला आणि कॉलेज अर्ध्यावर सोडलं. ती तिथलीच, माझ्या वर्गातली. आता हमरापूरला कारखान्यात गणपती रंगवतो.

परवा पेणला डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "सगळे म्हणतात नाटकं करतो." त्या म्हणाल्या, नाटक नाही. सेरोटोनिन म्हणून एक द्रव्य असतं, लोक ते मेंदूतलं समजतात, पण बहुतेक आतड्यातच तयार होतं. आतडं हलवतं, तिथल्या नसांना निरोप देतं. आतड्यातले जंतू ते कमीजास्त करतात. माझ्या नसा म्हणे फार जाग्या आहेत. दुसऱ्याला कळतही नाही तो वायू मला सुरीसारखा लागतो. वालानं तर लागणारच. उरलेल्या गोळ्यांचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. त्या अँटिबायोटिक असणार, त्यांनी पोटातले चांगले जंतूही मरतात म्हणे. मी विचारलं, "मग बेंबी?" त्या हसल्या. "बेंबी कुठं जात नाही रे. पण आईच्या हातानं बरं वाटायचं ना? तेही खोटं नाही. पोट आणि मेंदू दोन्हीकडून बोलतात." तुझ्यावर राग नाही, आये. तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

काल तिचा फोन आला. "रविवारी दुसरं स्थळ येतंय. बाबांना मी तुझं ऐकायला कसंबसं तयार केलंय. उद्या ये आणि काय ते नीट बोल. भांडायला येणार असशील तर एसटीत बसूच नको."

म्हणजे आज. त्यांच्या डोळ्यांत बघून सांगायचं, तुमच्या हातचं चालतं, वाल सोसत नाहीत. ते चिडले तर मला येतं उत्तर देता. हसले तर काय करायचं, ते येत नाही.

तुला खरं सांगतो. आठवण आली म्हणून लिहायला बसलो नाही. सकाळपासून पोट पिळतंय, थांबलं की निघू म्हणून बसलोय. दोन गाड्या गेल्या. ते थांबणार नाय, आये, पण तिसरी गाडी सोडायची नाय. हा कागद इथंच राहू दे. मी उठलो, दार ओढून घेतो.