चिठ्ठ्यांचं वाचन

सोमवार, ८ जानेवारी

बंद केलं! मुकादम झाल्यावर पहिल्याच दिवशी लॉइडचं वाचन बंद करून टाकलं.

बावीस वर्षं चालला होता तो प्रकार. सकाळी सातला तळघरातल्या आमच्या खोलीत सगळे कॉफी घेऊन बसणार, आणि लॉइड वरून आलेल्या तक्रारींच्या चिठ्ठ्या एकेक करून मोठ्याने वाचणार. तेही साधं नाही, प्राध्यापकांचे आवाज काढून! "माझ्या खोलीत इतकी थंडी आहे की विचारसुद्धा गोठतात." लगेच क्लॅरेन्स बुव्हेट म्हणणार, "आधी बघून या, विचार होते का ते!" मग हशा. मग अजून एकेक कप. अर्धा तास असा गेला, आणि वर विद्यापीठभर नळ गळताहेत, हीटर गार पडलेत.

लॉइड नाताळात निवृत्त झाला. आता मुकादम मी. देखभाल विभागाच्या प्रमुख ग्वेनसाहेबांनी प्रत्येकाला एक टॅब दिलाय. ज्याची तक्रार त्याच्या टॅबवर. "वाचायचं आणि निघायचं," मी सांगितलं. कुणी हसलं नाही. क्लॅरेन्सने टॅब उलटासुलटा करून बघितला. "यावर हॉकी दिसते का गं, मास्तरीण?"

मास्तरीण म्हणजे मी. मी सगळीकडे कार्डं लावते म्हणून. लावते! खोलीत एकालाही वळण नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

मायक्रोवेव्हवर नवीन कार्ड लावलं. "मासे गरम करू नयेत." सात वाजून चार मिनिटांनी सगळे कामावर! लॉइडला कळवायला हवं.

शुक्रवार, १२ जानेवारी

बाहेर उणे चौतीस अंश. जेवणाला आमच्यातल्या टिओने घरून शेवयांचा मोठा डबा आणला होता. त्याच्या बायकोचा वाढदिवस झाला. फिलिपिन्समध्ये म्हणे वाढदिवसाला लांब शेवया खातात, म्हणजे आयुष्य लांबतं. क्लॅरेन्स तिसरी वाढ घेत म्हणाला, "मी सेंट अँब्रोज गावचा. आमच्याकडे बटाटे खातात. म्हणूनच सगळे गोलमटोल आणि लवकर मरतात." टिओ हसून हसून ठसकला. म्हणाला, "ताई, याला वेगळं टेबल द्या."

चांगला दिवस. पण क्लॅरेन्सचं एक खटकतंय. आठवडाभर बघतेय. सकाळी टॅब हातात घेतो, दोन मिनिटं नाक वर करून बघतो आणि टिओकडे सरकतो. "तुझं काय आज? मला तेच दे, माझं तू घे." किंवा, "आज कुठला प्राध्यापक रडतोय? सांग की लेका, चष्मा गाडीत राहिला." रोज चष्मा गाडीतच! आळस दुसरं काय. माणूस छप्पन्न वर्षांचा, वाफेच्या पाइपांचं त्याच्याइतकं ज्ञान अख्ख्या विनिपेगमध्ये कुणाला नसेल. नुसता कान लावून सांगतो कुठे पाणी अडलंय. आणि दोन ओळी वाचायचा कंटाळा!

बुधवार, १७ जानेवारी

क्लॅरेन्सला बोलले. सगळ्यांसमोर. ग्रंथालयाच्या तक्रारीत स्पष्ट लिहिलं होतं, दुपारी दोननंतर या, आत परीक्षा आहे. हा सकाळी साडेनऊला हातोडा घेऊन हजर! "लिहिलेलं वाचायला काय होतं तुला?" म्हणाले. तो नेहमीसारखा काहीतरी फेकेल असं वाटलं होतं.  कप धुतला आणि गेला. स्वतःहून धुतला.

मंगळवार, २३ जानेवारी



टिओ भाजला. डावा हात, मनगटापर्यंत.

विज्ञान इमारतीखालच्या बोगद्यात पाइपाचा वॉशर बदलायचा होता. तासाभराचं काम. तिसऱ्या मजल्याकडे जाणारा वाफेचा व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केला, टिओ पुढे आत गेला. नियम असा की बंद व्हॉल्व्हला लाल बिल्ला लावायचा. लाल दिसलं की आमच्यातला कुणीही, देव खाली आला तरी, त्याला हात लावत नाही. बिल्ले ग्वेनसाहेबांच्या कपाटात. म्हणजे कोट चढवा, बर्फातून दोन इमारती ओलांडा, सही करा. खिशात माझी पांढरी कार्डं होतीच. एकावर ठळक लिहिलं, "बंद ठेवा. टिओ आत काम करतोय." दोऱ्याने व्हॉल्व्हला बांधलं आणि वर गेले.

क्लॅरेन्सला तिसऱ्या मजल्यावरून थंडीची तक्रार आली होती. हीटरला हात लावला, गार. पाइपामागे पाइप धरत खाली आला. व्हॉल्व्ह बंद दिसला. उघडला.

टिओची किंकाळी मी जिन्यात ऐकली.

त्याला बाहेर काढलं ते क्लॅरेन्सनेच, खांद्यावर टाकून. गाडी येईपर्यंत त्याचा हात नळाखाली धरून उभा होता. इतका मोठा माणूस हमसून हमसून रडत होता.

बुधवार, २४ जानेवारी

टिओ बरा आहे. बोटं वाचली. कातडी लावावी लागेल बहुतेक. मला बघून म्हणतो, "ताई, शेवया आता एका हाताने."

सुरक्षा खात्याचा माणूस आला होता. कार्डाचा वाफेने लगदा झालाय. त्याने मला विचारलं, "व्हॉल्व्हवर सूचना होती?" मी म्हणाले, "होती, लिहिलेली होती." त्याने कागदावर लिहिलं: लाल बिल्ला होता.

मी बघितलं त्याने काय लिहिलं ते. उलट्या बाजूने वाचलं. आणि गप्प राहिले. दुसऱ्याच्या ऱ्हस्वदीर्घाला हटकणारी मी!

लाल बिल्ला असताना व्हॉल्व्ह उघडला तर सरळ नोकरी जाते, त्यात दुसरी शिक्षाच नाही. क्लॅरेन्सला घरी बसवलंय. पुढच्या बुधवारी सुनावणी. त्याला विचारलं तर एवढंच म्हणाला, "लक्ष नव्हतं."

शनिवार, २७ जानेवारी

लॉइडकडे गेले. तळ्यावर, त्याच्या मासे धरायच्या खोपटात. बर्फाला भोक पाडून दिवसभर बसलेला असतो. सगळं सांगितलं. पांढऱ्या कार्डाचंही. त्याने दोरी गुंडाळून ठेवली.

"व्हर्ना, वाचन का बंद केलंस गं?"

"वेळ जातो म्हणून."

"मी काय हौसेने नकला करत होतो? क्लॅरेन्सला वाचता येत नाही."

मला आधी समजलंच नाही. मग म्हणाले, चष्मा? लॉइड म्हणाला, चष्मा नाहीच त्याला. कधीच नव्हता. लहानपणी शाळेत इतका मार खाल्ला की पुस्तक म्हटलं की उठून पळायचा, आणि एक दिवस पळाला तो परत गेलाच नाही. आकडे येतात, स्वतःचं नाव येतं, बस. बावीस वर्षांपूर्वी लॉइडच्या लक्षात आलं. तो एका शब्दानेही बोलला नाही, दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला लागला. नकला अशासाठी की वाचन हे सोंग वाटावं. हळूहळू बाकीच्यांना कळलं. टिओलासुद्धा कळलं, आणि तो तर सहा वर्षांपूर्वी आलाय. क्लॅरेन्सच्या मुलींना मात्र अजून माहीत नाही.

"मग मला का नाही सांगितलंत? अकरा वर्षं आहे मी तिथे!"

लॉइडने भोकावर धरलेला बर्फाचा पापुद्रा काढला. "तू चुका काढतेस गं," म्हणाला. "मनाची वाईट नाहीस. पण त्याला तुझी भीती वाटायची."

येताना गाडी दोनदा बाजूला घेऊन थांबले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

रविवार, २८ जानेवारी

चर्चला न जाता कामावर गेले. खोलीतली कार्डं काढली. कपांचं, माशांचं, बुटांचं, दाराचं, साखरेचं. एकोणीस निघाली! सगळी एकाच मापाची, पांढरी, एकाच शाईची.

सोमवार, २९ जानेवारी

संध्याकाळी क्लॅरेन्सच्या घरी. अंगणातलं बर्फ काढत होता. मला बघून फावडं टेकलं. "ये मास्तरीण. तपासायला आलीस? कडा सरळ आहेत बघ."

वाचनाविषयी मी काही बोलले नाही. तोही नाही. विचारलं, "कार्ड बघितलं होतंस ना?"

"बघितलं की. तुझं अक्षर मी लांबून ओळखतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हटलं, परत कपांचं काहीतरी असेल."

 अकरा वर्षं हा माणूस माझ्या कार्डांच्या गराड्यात वावरला. त्याला सगळी सारखीच दिसायची. सगळ्यांत एकच गोष्ट लिहिलेली, मास्तरीण रागावलीय. टिओच्या जिवाचं कार्डही मी त्याच कागदावर, त्याच शाईने लिहिलं!

"क्लॅरेन्स, लाल बिल्ला नव्हताच. नियम मी मोडला. बुधवारी मी सांगणार आहे."

"काही सांगू नकोस."

"तुझी नोकरी जाईल."

"आणि तू सांगितलंस तर तुझी जाईल. मुकादम होऊन जेमतेम तीन आठवडे झालेत तुला." त्याने फावडं उचललं. "मी कुठेही पाइप जोडीन. तुला कोण ठेवून घेणार, तुझ्या जिभेसकट?"

दोघंही हसलो. मग आत जाऊन कॉफी घेतली. फ्रिजवर नातीचं चित्र होतं, खाली वेड्यावाकड्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. "काय लिहिलंय माहितीये?" म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत घाईने, "हं, आजोबांना." लिहिलं होतं, "माझा कुत्रा." मी म्हणाले, "हो, आजोबांना."

मंगळवार, ३० जानेवारी

उद्या दहा वाजता. काय बोलायचं ते कागदावर काढलंय. कार्ड पांढरं होतं. ते मी लावलं. लाल बिल्ला आणायचा कंटाळा मी केला. चुकीचं लिहून घेतलेलं दिसत असून मी गप्प राहिले. पांढरं कार्ड असलं म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवायचा असा नियम नाही, म्हणून क्लॅरेन्सने कुठलाही नियम मोडला नाही. एवढं बोलले तर तो सुटतो, आणि त्याचं गुपित कुणाला कळायचं कारण उरत नाही. तीनदा मोठ्याने वाचून बघितलं.

भीती वाटतेय. नोकरी गेली तर काय करीन माहीत नाही.

बुधवार, ३१ जानेवारी

दहा वाजता उभी राहिले, कागद उघडला. ग्वेनसाहेबांनी हात वर केला. "व्हर्ना, थांब जरा. क्लॅरेन्स सकाळी साडेसहालाच माझ्याकडे आला होता. त्याने लेखी घ्यायला लावलंय. कार्ड लावलेलं होतं, त्यावर नीट लिहिलेलं होतं, पण त्याला लिहिता-वाचता येत नाही. कार्ड लावणारीची काही चूक नाही, असं त्याचं म्हणणं आहे. खाली स्वतः सही केलीय." खोलीत सहा माणसं होती. मागच्या खुर्चीवर त्याची थोरली मुलगी, तिला तो स्वतःच घेऊन आला होता. क्लॅरेन्सने माझी बाही धरून खाली ओढली. "माझं सांगून झालंय गं. तू बस आता."

मी बसले नाही. माझंही सगळं सांगितलं.