परसातली अंजिरं

साखरा, आषाढ शु. ५, शके १८६०

चि. तातेराव यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. दाजी जाऊन वर्ष झालं, आता तिथं कशाला राहतेस, औरंगाबादेला ये, असं तू लिहितोस. तुझी माया समजते रे. पण मामंजींना कोणाच्या भरवशावर टाकू? लेक गेला तवापासून ते कोणाशी बोलत न्हाईत. ओसरीवर बसून राहतात, ताट पुढं केलं तर चार घास खातात. त्यांचा पुतण्या रामकिशन येतो अन् म्हणतो, वयनी, तुमी माहेरी जा, काकाला मी संभाळतो. त्याची नजर आमच्या परसावर हाय. तिथं त्याला गोठा बांधायचाय.

जागा रिकामी दिसते म्हणून तो मागतो. तर मी तिथं फळझाडं लावणार. आंबा दोनदा लावला, दोन्हीदा मुरमात जळाला. थोड्या पाण्यावर येणारं दुसरं काही असेल तर धाड.

वहिनीला अन् लेकरांना आशीर्वाद. लोभ हायच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी अक्का, द्वारका

औरंगाबाद, आषाढ वद्य ३

ती. गं. भा. द्वारकाबाई अक्कास तातेरावचा सा. न. वि. वि.

मी तुला बोलावलं, तर तू माझ्याकडे झाडं मागितलीस. तुझी वहिनी शकुंतला पोटभर हसली. असो. दौलताबादेहून अंजिराच्या तीन काड्या आणल्या आहेत. तुझे शेजारी चाँद पाशा कापडाच्या खरेदीला इथे आलेत, त्यांच्या हाती ओल्या गोणपाटात बांधून देतो. मोरीचं पाणी जातं त्या कडेला लाव, बुडाशी डबकं होऊ देऊ नकोस. झाडं रुजली तरी माझं बोलावणं कायम आहे.

शाळेत शिकवणं ठीक चाललंय. मामंजींना नमस्कार. या भावावर माया राहू दे.
तातेराव

साखरा, पौष शु. ९

चि. तातेराव यास आशीर्वाद.

तिन्ही काड्या रुजल्या होत्या, हातहात वाढल्या होत्या. पंधरवड्यात सारी पानं गळाली. काल रामकिशन म्हणाला, वयनी, ह्या सरपणाला पाणी काहून घालता, उपटून टाकतो. मी घागर तशीच घरात आणली. पाणी घालायला राहिलंच काय. मामंजी ओसरीवरून नुसते बघत होते.

तू म्हणशील तवा येते. मामंजींना घेऊन येऊ का, तेवढं वहिनीला विचारून कळव.
अक्का

औरंगाबाद, पौष वद्य १

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून शकुंतला म्हणाली, आता तुम्ही गप्प राहिलात तरी अक्का आपोआप येतील. मामंजींनाही आणा म्हणाली. पण खरं लिहिल्याशिवाय मला राहवेना. अंजीर थंडीत पानं टाकतंच, हे आधी कळवायला हवं होतं. नखानं साल खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. मग काय करायचं ते तू ठरव.

उत्तराची वाट पाहतो.
तातेराव

साखरा, फाल्गुन शु. २

चि. तातेराव यास अनेक आशीर्वाद.

आत हिरवं होतं. म्हणून थांबले. आता पालवी फुटून राहिली.

मागल्या आठवड्यात मी विहिरीवर गेले होते. तेवढ्यात रहमतबीची, म्हणजे चाँद पाशाच्या घरवालीची, शेळी परसात घुसली अन् शेंडे ओरबाडू लागली. मामंजी ओसरीवरून ओरडले अन् काठी घेऊन तिच्या मागं धावले. त्यांचा आवाज गल्लीनं किती दिवसांनी ऐकला. रहमतबी माफी मागायला आली ती दारातच रडू लागली. चाचा बोले, चाचा बोले, म्हणत राहिली. मामंजी तिला म्हणाले, रडतीस काहून, आधी शेळी बांध. दुसऱ्या दिवशी तिनं पाटीभर लेंडीखत आणून टाकलं. मामंजींनी बाभळीचे काटे रोवून कुंपण केलं. आता जेवताना ते मीठ कमी पडलं म्हणून सांगतात. मला ते ऐकायलाबी बरं वाटतं.

वहिनीचा लोभ माझ्यावर असाच राहो.
अक्का

साखरा, चैत्र वद्य ४, शके १८६२

चि. तातेराव यास अनेक आशीर्वाद.

अंजिरं पिकली. पाखरांच्या आधी उठून मामंजी झाडाखाली जातात. पहिलं फळ त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते मोडून अर्धं मला दिलं.

सोमवारी रामकिशन गोठ्याच्या खांबांसाठी मेढी घेऊन गाडी दारात आणून उभा राहिला. गल्लीतली चार माणसं जमली. मामंजी त्यांच्यासमोर म्हणाले, गोठा तुझ्या जागेत बांध. हे परस द्वारकेचं हाय, घरबी तिचंच. मी मेल्यावरबी तिला कोणी जा म्हणायचं न्हाई. मला ते सूनबाई म्हणतात. त्या दिवशी पहिल्यांदा नाव घेतलं. रामकिशननं गाडी वळवली. मामंजींनी त्याच्या लेकरांसाठी उपरण्यात अंजिरं बांधून दिली. तो गेल्यावर मला म्हणाले, तोबी आपलाच हाय.

तुला धाडली असती, पण वाटेत नासतील. इथं येऊनच खा.
अक्का

औरंगाबाद, वैशाख शु. ५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

शाळेला सुटी लागली. शनिवारच्या गाडीनं आम्ही सगळे हिंगोलीला उतरतो. तुझ्यासाठी राखलेल्या खोलीत लेकरांचा अभ्यास मांडला. इकडे राहायला ये, असं आता लिहिणार नाही. मामंजींना विचार, आठ दिवस ठेवून घेतील का.

बांधाबांध चालली आहे. धाकटीनं विचारलं, आपण कोणाकडे जातोय. शकुंतला म्हणाली, आत्याच्या सासरी. मी म्हटलं, सासरी नाही, आत्याच्या घरी.

बाकी भेटीअंती.
तातेराव