नाव घातलेला डबा

मिल्टन कीन्स,
३ सप्टेंबर २००६

ती. बाबांस,
वैभवीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बाबा, मी ड्रायव्हिंग टेस्ट पास झाले! चौथ्या खेपेला, पण झाले. श्रेय सगळं शेजारच्या मॉरीनचं. एकोणसत्तर वर्षांची बाई, जन्मभर शाळेची बस चालवली. सहा महिने मला स्वतःच्या गाडीत बसवून इथल्या चौकाचौकातल्या प्रत्येक राउंडअबाउटभोवती फिरवलं, आणि एकदाही ओरडली नाही.

तिला काय द्यावं? दोन शनिवार दुकानं पालथी घातली. मेणबत्त्या, चॉकलेटं, सगळं कुणालाही देता येईल असं. मग सुचलं. तिला माझा चिवडा फार आवडतो, पण डबा दुसऱ्याच दिवशी धुऊन परत आणते. तिच्याच नावाचा स्टीलचा डबा दिला तर? तुमच्या हातचं नाव घातलेला. तुमचे जावई नोव्हेंबरात मित्राच्या लग्नासाठी नागपूरला येताहेत, त्यांच्याबरोबर पाठवाल?

आईला नमस्कार. तुमची माया आहेच, ती तशीच राहू द्या.
आपली,
वैभवी

नागपूर,
१९ सप्टेंबर २००६

चि. सौ. वैभवी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अभिनंदन. तीनदा नापास झालीस हे मात्र आम्हाला आजच कळलं. तुझी आई देवापुढे साखर ठेवून कॉलनीभर सांगून आली, तीनदाचं वगळून.

डब्याचं मात्र राहू दे. अडतीस वर्षं इतवारीच्या बाजारात बसून भांड्यांवर नावं घातली, पण गेल्या दिवाळीपासून हात थरथरतो. मशीन फडक्यात गुंडाळून ठेवलंय. भांड्यावरची रेघ खोडता येत नाही. वाकडं नाव परदेशात गेलं तर शोभा तुझी होईल. त्यांना काहीतरी चांगलं घेऊन दे.

मॉरीन इंग्रजीत किती अक्षरी होतं? सहज विचारलं.

गाडी हळू चालव आणि म्हाताऱ्यांवर लोभ ठेव.
तुझे,
बाबा

मिल्टन कीन्स,
८ ऑक्टोबर २००६

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सात अक्षरी. स्पेलिंगची चिठ्ठी सोबत आहे.

एक गोष्ट इतकी वर्षं सांगितली नाही. शाळेत माझ्या डब्यावर ‘चि. अलका हिस मामाकडून’ असं होतं. तुमच्या हातून चुकलेलं भांडं गिऱ्हाईक घेत नसे, ते आपल्या फडताळात यायचं. मुली विचारायच्या, अलका कोण? मी सांगायची, माझी मावसबहीण. वडील भांड्यांवर नावं घालतात हे सांगायची लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते. निम्म्या नागपूरच्या स्वयंपाकघरांत तुमचं अक्षर आहे, पण तुमचं नाव कुठेच नाही. या डब्यावर खाली ‘मुरलीधर, नागपूर’ हवं. वाकडं आलं तरी चालेल.

रागावू नका, लोभ कमी करू नका.
आपली,
वैभवी

नागपूर,
२६ नोव्हेंबर २००६

चि. सौ. वैभवी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

जावयांबरोबर दोन डबे पाठवतोय. अलकाचं आम्हाला ठाऊक होतं. तुझ्या शाळेतल्या बाईंनी एकदा आईला विचारलं होतं, तुमच्या बहिणीची अलका कशी आहे? आई म्हणाली, बरी आहे.

महिनाभर जुन्या ताटांच्या पाठीवर ती सात अक्षरं गिरवली. सकाळी चहाआधी हात जरा थांबतो. त्याच वेळी, आईने डबा धरला आणि मी मॉरीनबाईंचं नाव घातलं. सरळ आलं. खाली माझंही घातलं. स्वतःचं नाव घालताना आयुष्यात प्रथमच घाम फुटला.

दुसऱ्या डब्यावर तुझं नाव घातलं. तिथे मात्र हात हलला, ‘भ’ वाकडा आलाय. चुकलेलं भांडं घरातच राहतं, तेव्हा तो तू ठेव.

मॉरीनबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार. असाच जीव लावत राहा.
तुझे,
बाबा

मिल्टन कीन्स,
१० डिसेंबर २००६

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मॉरीनने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे छापलंय का? मी सांगितलं, माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने घातलंय, अडतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. सांगताना अभिमानाने ऊर भरून आला, बाबा. ती म्हणाली, जन्मभर बस चालवली, पण आपलं नाव कधी कशावर आलं नव्हतं. डबा तिने खिडकीत ठेवलाय, रस्त्यावरून दिसेल असा. चिवडा अजून माझ्या प्लॅस्टिकच्या डब्यातच जातो आणि डबा दुसऱ्या दिवशी धुऊन परत येतो.

माझा डबा मी रोज ऑफिसात नेते. परवा जेवताना एकीने विचारलं, यावर कोणाचं नाव आहे?

मी म्हटलं, माझं.

तुमचा हात माझ्या डोक्यावर असाच राहू द्या.
आपली,
वैभवी