खरवडलेली पुष्पिका

१० सप्टेंबर २०२५, निझवा

पोचलो एकदाचा! मस्कत विमानतळावर बाबामियाँ पाटी घेऊन उभा होता. पाटीवर ‘जनार्दन केळुसकर’, तेही मराठीत आणि बिनचूक. चौकशी केली तर हे महाशय रत्नागिरीचे निघाले, बावीस वर्षं इथे ड्रायव्हर. मग काय, निझवा येईपर्यंत दीड तास सुक्या बांगड्यावर चर्चा! चोवीस वर्षं मुंबईच्या सरकारी दप्तरखान्यात वाळवीनं खाल्लेले कागद सांधून स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुडाळला स्वस्थ बसेन म्हटलं, तर मंगला म्हणाली, घरात राहून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटू नका. म्हणून हे तीन महिन्यांचं काम. लेकीला, पूर्वाला, इथला हलवा हवाय. खोली झकास आहे, वर गच्ची, समोर खजुरीची बाग.

१४ सप्टेंबर

मला इथे बोलावणाऱ्या जमिला मॅडम माझ्याहून लहान, पण दरारा असा की चहा पिताना मी सरळ बसतो. रोमला शिकल्यात. त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या पोथ्यांत एक लॅटिन ग्रंथ आहे, कातड्याच्या पानांचा, सगळा देवाधर्माचा काथ्याकूट. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शेवटी आपल्या पोथ्यांसारखीच पुष्पिका आहे, म्हणजे ‘हे अमक्यानं लिहिलं’ असं सांगणाऱ्या ओळी. तिथे एका नामवंत इटालियन कवीचं नाव आहे. अर्धे पंडित म्हणतात ग्रंथ त्याचाच, अर्धे म्हणतात छे, कवी असलं रुक्ष लिहील कशाला? साठ वर्षं भांडतायत लेकाचे. मॅडमच्या मते कवीच्या नावाखाली दुसरंच नाव होतं आणि ते कुणीतरी खरवडलंय. ते दिव्याखाली वाचता येईल इतपत पान साफ करून द्यायचं, एवढंच माझं काम.

१८ सप्टेंबर

पान साफ झालं. अतिनील दिवा लावला. नुसती शाई काढायला इतकं खरवडावं लागत नाही. कुणीतरी दात-ओठ खाऊन सुरी चालवलीय. कातडं तिथे कांद्याच्या सालीइतकं पातळ झालंय. एक अक्षर शिल्लक नाही.

मॅडमनी ग्रंथात काय आहे ते सांगितलं. शेवटच्या दिवशी देव एकेकाला नावानं हाक मारून आत घेणार. ज्याचं नाव पुसलं गेलं त्याला हाक नाही, तो दाराबाहेर उभा तो उभाच. आणि हे लिहिणाऱ्याचंच नाव असं ओरबाडून काढावं? फार वाईट वाटलं. दुपारी जेवण गेलं नाही.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

भटजींनी कुडाळहून मंत्र रेकॉर्ड करून पाठवले होते. सकाळी गच्चीवर वडिलांना तीळपाणी सोडलं. दोन पानं वाढली होती, एक वडिलांचं, दुसरं त्या लिहिणाऱ्याचं. बिचाऱ्याला पाणी द्यायला आहेच कोण? पण नाव घेतल्याशिवाय पाणी सोडायचं कसं? रेकॉर्डिंग थांबवलं. ओंजळ भरलेली होती, मनात आलं ते बोलून गेलो, की बाबा रे, तुला नाव नसेल तर माझं घे. जनार्दन केळुसकर. आणि पाणी सोडलं.

खाली जाऊन चहा टाकून आलो. वडिलांच्या पानाला मुंगीसुद्धा लागली नव्हती. दुसरं पान घासल्यासारखं लख्ख.

२४ सप्टेंबर

मॅडम आनंदानं नाचायच्या बाकी आहेत. खरवडलेल्या जागी अक्षरं उमटू लागलीयत. एकेक अक्षर त्या मोठ्यानं वाचत होत्या: ज... ना... र... मी हसून म्हटलं, मॅडम, हे तर माझं नाव! त्यांनी वळून पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, की तुमचं नाव काय?

थट्टा असेल. त्या थट्टा करत नाहीत.

२७ सप्टेंबर

बाबामियाँ रोज ‘जनार्दनभाऊ’ म्हणतो. आज ‘अरे...’ म्हणून थांबला. मग म्हणाला, भाऊ, वय झालं माझं. हजेरीचं यंत्र माझा अंगठा घेत नाही. ओळखपत्रावर फोटो आहे, नावाच्या जागी प्लास्टिक पातळ झालंय. आरपार दिसतं.

३० सप्टेंबर

मंगलाला फोन केला. लग्नाला सोळा वर्षं झाली, बाईनं कधी नावानं हाक मारली नाही, सदा आपलं ‘अहो’. आज म्हटलं, एकदा नाव घे माझं. ती लाजली, म्हणाली, या वयात उखाणा घेऊ का? घे म्हटलं. तिनं सुरात सुरुवात केली, पहिली ओळ झाली, दुसरी झाली. नावापाशी येऊन अडली. मग हसली, म्हणाली, यमकच जुळेना.

यमक नाही गं, मंगला.

२ ऑक्टोबर

भटजींना फोन केला. पायाच पडायचा बाकी होतो. जिवंत माणसाचं नाव तर्पणात घेतलं म्हटल्यावर त्यांनी तेच मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, पाणी सोडून दिलेलं परत मागता येत नाही. आणि विचारलं, आपण कोण बोलताय?

दुपारी मॅडम नसताना सुरी घेतली. माझ्या हातानं, चोवीस वर्षं पानं जपणाऱ्या हातानं, पुष्पिकेवर सुरी चालवली. अक्षरं हलली नाहीत. या वहीच्या पहिल्या पानावर मी माझं नाव घातलं होतं — तो कागद मात्र आपोआप फाटला.

४ ऑक्टोबर

मॅडमनी पंडितांना कळवलं. भांडण मिटलं. ग्रंथ कवीचा नाही. लिहिणाऱ्याचं नाव पूर्ण उमटलंय. मला वाचता येत नाही. अक्षरं दिसतात, पण —

माझ्यासमोरून गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

५ ऑक्टोबर

पासपोर्ट कपाटात नाही. बॅग नाही.

बाबामियाँ अंगणात कुणाला तरी सांगत होता, की जनार्दनभाऊंना काल विमानात बसवून आलो, भला माणूस, लेकीसाठी हलवा घेतला. मी त्याचा दंड धरला, ओरडलो. त्यानं डास बसावा तसा हात झटकला.

मी इथे आहे. इथे —

६ ऑक्टोबर

ऑफिसातला फोन मोकळा सापडला. घरचा नंबर अजून आठवतो, देवाची कृपा. मंगलाला एवढंच सांगायचं होतं, की दार उघडू नकोस, जो आलाय तो —

फोन पूर्वानं घेतला. माझी पूर्वा! म्हणाली, बाबा काल आले, आई सकाळपासून हसतेय, आज बाबांनी माझ्या वेण्या घातल्या. मागे भांड्यांचा आवाज. मग माझाच आवाज, माझाच, विचारत होता, कोण आहे गं?

पोर कशी नीट बोलते. म्हणाली, काका, बाबांना कोणाचा फोन म्हणून सांगू?

मी म्हटलं, बाळा, सांग की