रविवार कारंजाला उतरायचं

आई, परवा मी पंचवटीला जाऊन आले. ट्राम तेवढी आता नाही, बाकी सगळं तू सांगितलेल्या क्रमाने केलं. गिरगावातून बसने बोरीबंदर, तिथून गाडीने नाशिक रोड, स्टेशनाबाहेर शहराची बस, रविवार कारंजाला उतरायचं आणि पुढे पूल चालत ओलांडायचा. मुलगा म्हणाला, "या वयात बसचे धक्के कशाला खातेस? गाडीने सोडतो ना दारापर्यंत." मी म्हटलं, "मला रस्ता पाठ आहे, तसाच जाऊ दे." तो हसला. कंडक्टरने विचारलं, "आजी, कुठं?" तेव्हा मी रविवार कारंजा म्हणून थांबले नाही. पुलाचंही सांगितलं. त्याने तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या बाकाकडे गेला.

हा रस्ता तू माझ्याकडून पाठ करून घेतलास तो पोळ्या लाटताना. आपल्या दोन खोल्यांतल्या आतल्या खोलीत, मोरीच्या कट्ट्याला टेकून मी पाटी घेऊन बसलेली असायचे आणि तू पाठमोरी. "नाशिक रोडनंतर?" "मोटार." "कुठे उतरायचं?" "रविवार कारंजाला." "मग?" "पूल." "पूल कसा?" "चालत." "का?" "गंगा दिसते म्हणून." सगळं नाशिक गोदावरीला गंगाच म्हणतं, हे तू मला शाळेतल्या भूगोलाच्या आधी शिकवलंस, आणि परीक्षेत मी तसंच लिहिलं. तुझ्या लहानपणी नाशिक रोडहून गावात ट्राम यायची. ती बंद पडली. लग्न होऊन तू गिरगावात आलीस आणि रस्त्यावर ट्राम पाहिलीस तेव्हा तुला वाटलं, आपलीच ओढून इथे आणून ठेवली आहे. हे तू सांगायचीस तेव्हा हसायचीस. इतर वेळी फारसं नाही.

त्या वर्षी घरात बोलणं बंद होतं. तू बालवाडीत शिकवायला जायला लागली होतीस. चौथ्या दिवशी अण्णांनी ते बंद करायला सांगितलं आणि तू विचारलंस, का? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते तुझ्याशी बोलायचे थांबले. भांडण नाही, आवाज नाही. बाहेरच्या खोलीतून हाक यायची ती मला. "आईला सांग, चहा." "आईला सांग, समितीची माणसं येणार आहेत, पाच कप." मी चार पावलं जायचे आणि सांगायचे. तू म्हणायचीस, "त्यांना सांग, साखर संपली आहे." मी चार पावलं परत. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत असायचं. तरी मी सांगितल्याशिवाय कोणी हलायचं नाही. त्यात मला काही विचित्र वाटत नव्हतं. चाळीतल्या कुठल्याच मुलीला घरात इतकं काम नव्हतं.

अण्णा तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या कामात बुडालेले होते. ऑफिस सुटलं की सभा, सभा सुटली की पत्रकं. चाळीच्या चौकात ते बोलायला उभे राहिले की वरच्या गॅलऱ्या भरायच्या. आमचा आवाज दाबता येणार नाही, असं ते म्हणाले की टाळ्या पडायच्या. तू दाराच्या आत, उंबऱ्यापाशी उभी राहून ऐकायचीस. टाळ्या वाजवायची नाहीस आणि आतही जायची नाहीस.

थंडीतली ती सकाळ. अण्णा बाहेर पडतात आणि तू मला शाळेचा नव्हे, बाहेरचा फ्रॉक घालायला सांगतेस. पिशवीत दोन लुगडी, माझे कपडे आणि तुझ्या माहेरचा तांब्या. घरातल्या बाकी सगळ्या भांड्यांवर आजोबांचं किंवा अण्णांचं नाव आहे, या एका तांब्यावर तुझ्या वडिलांचं. तो पिशवीत पाहिला आणि मला कळलं की आपण राहायला जात नाही, परत न येण्यासाठी जात आहोत. एरवी तुला न्यायला मामा येत असे. मुराळी आल्याशिवाय माहेरी जायचं नसतं, हे तूच मला सांगितलं होतंस. मी विचारलं, "मामा?" तू म्हणालीस, "या वेळी आपणच." मग जिना उतरताना न वळता म्हणालीस, "मधे बोलायचं नाही." तुझं माझ्यावर रागावणं एवढंच असायचं, तेही चूक होण्याच्या आधीच.

ट्राम जवळजवळ रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, बोरीबंदरचं तिकीट देतो, पण गाडी पोचेल की नाही ते देव जाणे." ठाकुरद्वार गेलं. पुढे थोड्या अंतरावर घोषणा ऐकू आल्या, माणसं धावत आली, आणि कोणीतरी मागची दोरी ओढून ट्रामचा दांडा तारेवरून खाली घेतला. एकदम सगळा खडखडाट थांबला. ड्रायव्हरने ट्राम चालवायची आपली पितळी मूठ काढून काखेत घेतली. कंडक्टरने पडदे सोडले. बाहेर काचा फुटत होत्या. मग काहीतरी फुटल्याचा बसका आवाज आला आणि डोळे चुरचुरायला लागले. तू पदर माझ्या तोंडावर धरलास. पदरातून मला फक्त समोरचं बाक दिसत होतं. ट्राम शेवटच्या थांब्याला पोचली की कंडक्टर त्या बाकांच्या पाठी उलट्या करतो, म्हणजे परतीच्या माणसांना पुढे तोंड करून बसता येतं. मला वाटलं, त्याने आता त्या उलट्या केल्या तर आपण घरी. बोरीबंदर तिथून चालत अर्ध्या तासावर होतं. आपण चाललो असतो तर कधीच पोचलो असतो, हे तू पुढे कधी म्हणाली नाहीस. मीच म्हणत आले.

वरच्या गॅलरीतून एका बाईने हाक मारली. "अगो बायांनो, पोरांक घेऊन वर येवा! थंय काय बसलासात?" ती कोकणातली, नवरा गिरणीत कामाला, खोली आपल्यापेक्षा लहान. तिने आपल्याला घेतलं, दोन म्हाताऱ्यांना घेतलं, कंडक्टर आणि ड्रायव्हरलाही घेतलं. संचारबंदी लागल्याचं खालून ओरडून सांगितलं गेलं. खिडकी लावायची, दार लावायचं, स्टोव्ह जपून वापरायचा. सात माणसं त्या खोलीत बसली. कंडक्टर म्हणाला, "तिकीट बोरीबंदरचं फाडलंय, पोचवल्याशिवाय मी घरी जायचा नाही." म्हाताऱ्यांतला एक म्हणाला, "मग घरी सांगून ठेव, दोन महिने येत नाही म्हणून." सगळे हसले. तू नाही. तू पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होतीस आणि दाराकडे बघत होतीस. गाडी दुपारची होती.

बाईने आपल्याला भात वाढला. मग तुझं कपाळ पाहून म्हणाली, "सवाशीण घरात इली नि रिकामी जातली? बरां नाय दिसत तां." तिने तुझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि फडताळातून काढलेला एक खण, तिचा स्वतःचा असणार. "म्हायेराक चललंस मां? मग भरलेल्या ओटीन जा." तू पदर पुढे धरलास. डोळे दाराकडेच होते. तिला वाटलं, बाहेरच्या गोळीबाराला घाबरलीस.

तेवढ्यात दंडाला पट्टी बांधलेला एक तरुण कार्यकर्ता आला. पोलिसांशी बोलणं झालं होतं. अडकलेल्या प्रवाशांना तासाभराने एकत्र बोरीबंदरपर्यंत नेऊ देणार होते. त्याला यादी करायची होती. नाव, पत्ता, कुठे जाणार. म्हाताऱ्यांनी सांगितलं. मग तो तुझ्याकडे वळला. "वहिनी, मालकांचं नाव?"

तो पेन्सिल धरून थांबला. बाई हसायला लागली. "घे गो नाव! लाजतंस कित्याक? उखाण्यात घे!" कंडक्टर म्हणाला, "लिहा हो, इकडची स्वारी. मुक्काम पोस्ट मुंबई." पुन्हा सगळे हसले, तरुणसुद्धा. त्या खोलीत कोणालाही दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं. चांगल्या घरची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आग्रह केला की लाजते, आणखी आग्रह केला की घेते. तू मान खाली घातलीस ती त्यांना लाज वाटली. तू खोटं एखादं नाव सांगू शकली असतीस. ते तुला सुचलं नाही, की कुठलंही नाव नवऱ्याचं म्हणून घ्यायला जीभ वळली नाही, मला माहीत नाही. बाई पुन्हा म्हणाली, "आयशीक जमना नाय तर चेडू सांगात." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, चाळ, खोली, ऑफिस. निरोप पोचवावा तसं, एकही शब्द न चुकता.

तरुणाने पेन्सिल खाली केली. "अहो, म्हणजे आमच्या समितीतले? वहिनी, आधी नाही का सांगायचं! अशा दिवसात एकट्या कशाला जाता? थांबा, निरोप धाडतो, ते स्वतः येतील." त्याने यादीत आपली दोघींची नावं लिहिलीच नाहीत. बाकीची माणसं निघाली तेव्हा कंडक्टर दारात घुटमळला. म्हणाला, "चला, तुम्ही सुटलात." आपण दोघी राहिलो. माझी वेणी सुटली होती, ती घालायला घेतलीस, आणि नेहमीपेक्षा घट्ट घातलीस असंही नाही.

अण्णा आले. त्यांच्याही दंडाला पट्टी होती, चेहरा धुळीने भरलेला. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, तुझ्या भरल्या ओटीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "आईला सांग, चल म्हणावं." मी सांगितलं. ती बाई तुला कुंकू लावून म्हणाली, "नशीबवान गो तू. गोळ्येत सुदीक न्यायला इलो." आपण भिंतीच्या कडेकडेने, अण्णा पुढे, घरी आलो. तांब्या फळीवर गेला. त्या दिवसानंतर पोळ्या लाटताना तू मला रस्ता कधी विचारला नाहीस. खणाचं तू मला पोलकं शिवलंस.

या गोष्टीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे आणि दर वेळी तिथेच थांबले आहे: मी नऊ वर्षांची होते. तूही एकदा शेजारणीला सांगताना म्हणाली होतीस, पोर ती, बोलून गेली. पण हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलं नाही. परवा पुलावर उभी होते. बुधवार होता, खाली वाळवंटात बाजार भरला होता, भाज्यांचे ढीग आणि तांब्यापितळेची भांडी. तांबे बघितले आणि मला दुसरी दुपार आठवली.

मी बावीस वर्षांची. अण्णांना अर्धांगवायू होऊन महिना झालेला. बोलणं अडखळत, पण कळायचं. तुझ्याशी ते एव्हाना कामापुरतं बोलत होते, मोठं काही असलं की अजूनही मीच. त्या दुपारी मामा आजारी असल्याचं कार्ड आलं. तू आत होतीस. अण्णांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आईला सांग, नाशकाला जाऊन ये म्हणावं." मी उठले. ते म्हणाले, "राहायचं असलं तर राहा म्हणावं."

चार पावलं. या खेपेला आत काही ऐकू गेलं नव्हतं, त्यांचा आवाज तेवढा उरला नव्हता. तू वळलीस. "काय म्हणतात?"

मला तेव्हा नुकती नोकरी लागली होती. तू गेली असतीस तर त्यांच्या उशाशी कोणी बसायचं, हे मला त्या चार पावलांत कळलं. मी म्हटलं, "पाणी मागतात."

तू माहेरचा तांब्या भरून घेतलास, कारण तोच हाताशी होता. कार्ड तू संध्याकाळी वाचलंस आणि म्हणालीस, यांना असं टाकून कशी जाऊ. मामा त्याच पावसाळ्यात गेला. पुढे अण्णाही गेले, आणि मी नाशकाला चल म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, आता कोणाकडे?

पण त्या दुपारी तू बाहेर आलीस तेव्हा अण्णा तुझ्याकडे बघत होते. तू तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून पेला पुढे केलास. त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काय म्हणाली म्हणून. मी तुझ्या मागे उभी होते. मी नाही म्हणून मान हलवली, आणि मग ते पाणी प्यायले.